बिल्डर गेल्यावर टाउनशिपची सामाईक बाग कशी सांभाळायची

आमची टाउनशिप पुण्याच्या कडेला आहे. सात सोसायट्या, मधोमध मोठी बाग, आतल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि दोन इमारतींच्या खालच्या पार्किंगवर पोडियम गार्डन. बिल्डरकडून हे सगळं आमच्या फेडरेशनने (सगळ्या सोसायट्यांच्या संघाने) ताब्यात घेतलं तेव्हापासून त्याची जबाबदारी असलेल्या समितीत मी काम करतो आहे. आता आजूबाजूच्या नव्या टाउनशिपमधली मंडळी भेटली की तेच प्रश्न विचारतात: मेंटेनन्समध्ये बागेचे किती धरायचे, टँकर का लागतात, माळी ठेकेदाराचा घ्यावा की आपला ठेवावा. ताबा घेण्याआधी आणि नंतर कामं कोणत्या क्रमाने करावीत ते इथे सांगतो. मजकूर महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना धरून आहे. कायद्याचे मुद्दे मला जितके लागले तितकेच दिले आहेत. तुमचा वकील आणि सीए यांना विचारल्याशिवाय सही करू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बागेचा हिशेब पाण्यापासून सुरू करा. रोपं, खत, माळी, मशीन हे सगळं पाण्याच्या मागून येतं. पाणी किती लागणार आणि कुठून येणार हे ठरलेलं नसेल, तर बजेटमधला एकही आकडा मे महिन्यापर्यंत टिकत नाही.

लागणारी कागदपत्रं

ताबा घेण्याच्या बोलणीआधी ही फाइल तयार हवी:

- मंजूर लेआउट (सर्वांत अलीकडचा, सुधारित)
- सगळ्या इमारतींची भोगवटा प्रमाणपत्रं
- पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी
- तुमचा नोंदणीकृत करारनामा, विशेषतः सामाईक सुविधांची यादी असलेलं परिशिष्ट
- सोसायट्यांची नोंदणी प्रमाणपत्रं, किंवा अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र
- बिल्डरने गोळा केलेल्या मेंटेनन्सचा आणि ठेवीचा लेखापरीक्षित हिशेब
- ठिबक, तुषार आणि व्हॉल्व्ह यांचा नकाशा, पंपांची वॉरंटी
- एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची) क्षमता, चाचणीचे अहवाल आणि देखभालीचा करार
- पोडियम असेल तर स्लॅबचं डिझाइन आणि वॉटरप्रूफिंगची हमी

१. बाग नेमकी कोणाची ते आधी बघा

ब्रोशरमध्ये जे जे हिरवं दिसतं ते सगळं तुमचं नसतं. लेआउटवर तीन प्रकारच्या जागा वेगवेगळ्या ओळखायच्या.

पहिली, रहिवाशांसाठी राखलेली मोकळी जागा. मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा अशी सोडावी लागते. ही तुमची. हिच्यावर नंतर कोणी पार्किंग किंवा क्लबहाउसचा विस्तार सुचवला तर मंजूर नकाशा दाखवून तिथेच थांबवता येतं.

दुसरी, अॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा. ही बहुतेक वेळा महापालिकेकडे किंवा नियोजन प्राधिकरणाकडे जाते. तिच्यावर बिल्डरने फ्लॅट विकताना हिरवळ लावलेली असते, लोक तिथे फिरायला जातात, आणि ती आपलीच आहे असं सगळ्यांना वाटतं. उद्या तिथे दवाखाना किंवा शाळा उभी राहू शकते.

तिसरी, विकास आराखड्यातला रस्ता आणि त्याचा दुभाजक. तो एकदा पालिकेकडे गेला की त्यावरच्या झाडांचा खर्च तुमच्या मेंटेनन्समधून करायचा नाही. करायचाच असेल तर पालिकेच्या उद्यान विभागाशी लेखी करार करा. पाणी कोण देणार, फांदी पडून कोणाची गाडी फुटली तर जबाबदारी कोणाची, हे त्यात हवं. अशा सार्वजनिक जागेसाठी आसपासच्या कंपनीकडून सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा) पैसा मागता येतो. कुंपणाच्या आतल्या, फक्त रहिवाशांसाठी असलेल्या बागेसाठी तो मिळेल अशी आशा धरू नका; सीएसआर लोकांच्या उपयोगासाठी असतो.

आता सगळ्यात मोठी अडचण. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) नियमांप्रमाणे फेडरेशन स्थापन करायचं काम बिल्डरने लेआउटमधल्या शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत करायचं असतं. शेवटची इमारत रखडली की फेडरेशनही रखडतं. तोवर तयार झालेल्या चार-पाच सोसायट्या बागेचे पैसे भरत राहतात आणि एकाही खर्चावर त्यांचा ताबा नसतो. अशा वेळी थांबून राहू नका. नोंदलेल्या सोसायट्यांनी आपापल्या सर्वसाधारण सभेत ठराव करून संयुक्त समिती नेमावी, आपसात लेखी समझोता करावा, आणि बिल्डरकडे दर तिमाहीला बागेच्या खर्चाचा हिशेब मागावा. रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे रहिवाशांच्या संस्थेने ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा वाजवी दरात पुरवणं आणि सांभाळणं हे बिल्डरचं काम आहे. दर वाजवी आहे की नाही, ते हिशेब बघितल्याशिवाय कसं ठरणार?

२. ताबा उन्हाळ्यात घ्या आणि मोजून घ्या

ऑगस्टमध्ये कोणतीही बाग छान दिसते. मुरमावर टाकलेली हिरवळही हिरवीगार असते, बंद पडलेलं ठिबक कोणाच्या लक्षात येत नाही. बिल्डर पावसाळ्यात हस्तांतरणाची घाई करत असेल तर ताबापत्रात स्पष्ट लिहा की सिंचनाची पाहणी येत्या एप्रिलमध्ये होईल आणि तोवर दुरुस्ती त्याच्याकडे राहील. जमलं तर थेट एप्रिल-मेमध्येच पाहणी करा.

पाहणीला तिघं-चौघं जा. मोठा टेप, लेआउटची प्रत, फोन आणि ऑइलपेंटचा डबा एवढं पुरतं. हिरवळीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, झुडपांच्या वाफ्यांचं वेगळं, कुंपणाची लांबी मीटरमध्ये, आणि प्रत्येक झाडावर क्रमांक. झाडांच्या वहीत क्रमांक, जात, बुंध्याचा घेर आणि स्थिती लिहा. पर्यावरण मंजुरीत किती झाडं लावायची ते लिहिलेलं असतं, त्या आकड्याशी ही वही ताडून बघा. कमी भरली तर ती लावून देणं बिल्डरच्या गळ्यात आहे, तुमच्या नाही.

व्हॉल्व्ह एकेक उघडून पाणी शेवटच्या टोकापर्यंत जातं का ते बघा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन रविवार जातात, पण नकाशावर दाखवलेली पाइपलाइन जमिनीत नसल्याचं यातूनच कळतं. सगळं व्हिडिओत घ्या. पाइप, पंप, फरसबंदी, आधारभिंत यांच्या कामात दोष सापडला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत लेखी कळवल्यास बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. रेराचं कलम १४ (३). वाळलेली रोपं यात बसवणं अवघड जातं, म्हणून रोपांचा मुद्दा ताबापत्रातच मिटवा.

३. पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. पुण्यासारख्या हवेत एप्रिल-मेमध्ये हिरवळीला रोज साधारण पाच ते सहा मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एक एकर, साधारण ४,००० चौरस मीटर हिरवळीला रोज किमान २०,००० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर, रोज. दोन महिन्यांत सुमारे १२० टँकर. तुमच्याकडचा टँकरचा दर घालून गुणाकार करा आणि तो कागद सभेत सगळ्यांसमोर ठेवा. हिरवळ थोडी कमी करूया असं मी आधी दहा वेळा सांगून जे झालं नाही, ते या एका गुणाकाराने झालं.

आता दुसरी बाजू. घरगुती वापराचा नियोजनातला आकडा माणशी रोज १३५ लिटर असतो. ३०० फ्लॅट आणि घरटी चार माणसं धरली तर १,६२,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन एसटीपीकडे जातं, म्हणजे सुमारे १,३०,००० लिटर. फ्लशला वापरून उरलेल्या पाण्यात एकरभर हिरवळ सहज भागते. मग टँकर का येतात? कारण एसटीपी नीट चालत नाही. सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर वीज वाचवण्यासाठी बंद ठेवला जातो, पाण्याला वास येतो, रहिवासी तक्रार करतात, आणि कोणीतरी गुपचूप व्हॉल्व्ह फिरवून बागेला पिण्याचं पाणी सोडतं. हे आमच्याकडे झालं, शेजारच्या दोन टाउनशिपमध्येही झालं. बागेवरचा खर्च कमी करायचा असेल तर पहिला पैसा एसटीपीच्या दुरुस्तीवर घाला. रोपवाटिकेकडे नंतर जा.

काही गोष्टी पक्क्या करून घ्या:

- बागेच्या पाइपलाइनवर वेगळा मीटर. पिण्याच्या पाण्याची जोडणी पूर्ण कापा, नुसती बंद ठेवू नका.
- प्रक्रिया केलेलं पाणी ठिबकने किंवा पाइपने जमिनीलगत द्या. फवारे वापरायचेच असतील तर पहाटे, मुलं खाली येण्याच्या आत. कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी देऊ नका.
- नळ्यांच्या तोंडाशी फिल्टर हवा आणि तो आठवड्याला धुवायला हवा. एसटीपीच्या पाण्याने ठिबकची छिद्रं फार लवकर बुजतात.
- पाण्यात क्षार असतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात, पण मार्चनंतर पानांच्या कडा जळल्यासारख्या दिसू लागल्या तर माती तपासून घ्या. कृषी महाविद्यालयांच्या आणि कृषी विभागाच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते.
- टाइमर लावला असेल तर जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की तो बंद करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. भर पावसात चालू असलेले फवारे ही पैसे न देणाऱ्या सभासदाला मिळालेली आयती सबब असते.

४. वर्षाचा खर्च मांडा

दोन वेगळे रकाने करा आणि ते कधीही एकत्र होऊ देऊ नका.

पहिल्या रकान्यात दरवर्षीचा चालू खर्च: माळी आणि मदतनीस, पाणी आणि पंपाची वीज, शेणखत, निंबोळी पेंड, कीडनाशक, ग्रासकटरचं पेट्रोल आणि धार, पावसाळ्यापूर्वीची छाटणी, पालापाचोळ्याचं खत करण्याची सोय, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं.

दुसऱ्या रकान्यात काही वर्षांनी एकदम येणारा खर्च: पंप, ठिबकच्या नळ्या, ग्रासकटर, बाकं, पायवाट, खेळणी, हिरवळ पुन्हा बसवणं. याचं गणित सोपं आहे. वस्तूची आजची किंमत भागिले ती किती वर्षं टिकेल. साठ हजारांचा पंप सहा वर्षं टिकणार असेल तर दरवर्षी दहा हजार बाजूला. उघड्यावर उन्हात पडलेल्या नळ्यांना पाचेक वर्षांपेक्षा जास्त आयुष्य धरू नका.

दोन्हींची बेरीज करून फ्लॅटवर वाटा. समजण्यासाठी उदाहरण देतो: वर्षाचे एकूण २७ लाख, ९०० फ्लॅट, तर फ्लॅटला महिना २५० रुपये. असा आकडा सांगितला की लोक शांतपणे ऐकतात. "बागेला २७ लाख" असं म्हटलं की सभा तिथेच मोडते.

दुसरा रकाना उडवण्याचा मोह प्रत्येक नव्या समितीला होतो, कारण त्या वर्षी काहीच बिघडलेलं नसतं. उडवू देऊ नका. तो उडाला की चौथ्या-पाचव्या वर्षी पंप जळतो आणि भर एप्रिलमध्ये विशेष वर्गणी मागायची वेळ येते. ती गोळा होईपर्यंत हिरवळ संपलेली असते.

५. वर्गणी कशी वाटायची, पैसे कुठे ठेवायचे

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

तुमची संस्था सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे माळ्याचा पगार सेवाशुल्कात मोडतो, आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं वाटलं जातं. एक बेडरूमचा फ्लॅट असो की चार बेडरूमचा, रक्कम तीच. तुमची संस्था १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असेल तर खर्च घोषणापत्रात लिहिलेल्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. सभेत दोन्ही बाजूंची माणसं आपलंच खरं म्हणून तावातावाने बोलतात. आधी नोंदणी कशाखाली आहे ते मोठ्याने वाचून दाखवा, निम्मा वाद तिथेच संपतो.

फेडरेशनच्या पातळीवर सोसायट्यांनी किती द्यायचं हे फेडरेशनच्या उपविधींत किंवा सोसायट्यांच्या समझोत्यात नीट लिहून घ्या. आमच्याकडे फ्लॅटच्या संख्येवर वाटणी होते. बागेपासून लांब असलेल्या इमारतीने "आमच्या खिडकीतून बाग दिसत नाही" म्हणून सूट मागितली होती. असली सूट एकदा दिली की तळमजल्यावाले लिफ्टचे पैसे का देतात इथपर्यंत गाडी जाते. देऊ नका.

पैसे ठेवण्याबद्दल:

सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो, रोपं आणि माळ्यांसाठी नाही. त्याऐवजी सर्वसाधारण सभेत ठराव करून वेगळा उद्यान निधी उभा करा. ठरावात तीन गोष्टी लिहा: दरमहा किती, कशावर खर्च करता येईल, आणि कोणाच्या सह्यांनी. हिशेब स्वतंत्र खात्यात असला की पुढच्या समितीला तो लिफ्टच्या बिलात वळवता येत नाही.

ठेव, जिला आपण कॉर्पस म्हणतो, ती बिल्डरने ताबा देताना घेतलेली असते. तिचं व्याज कुठे गेलं, तिच्यातून काय वजा केलं, याचा लेखापरीक्षित हिशेब हातात पडल्याशिवाय "सर्व देणी मिळाली" अशा कागदावर सही करायची नाही. सहीसाठी घाई होते, गोड बोललं जातं. तरीही नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे बागेचं बजेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तयार हवं. ते नोटिशीसोबत सगळ्यांना पाठवा. ऐनवेळी पडद्यावर दाखवलेला तक्ता कोणी वाचत नाही आणि मग संशय घेतला जातो.

थकबाकीवर उपविधींप्रमाणे वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत साधं व्याज लावता येतं, आणि सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागता येतो. पण हे व्याज सभेने ठरवलेलं असलं पाहिजे.

कराचे दोन मुद्दे. दरमहा वर्गणी सभासदी ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी झाल्या की जीएसटी लागतो; फेडरेशनला हा हिशेब कसा लावायचा ते सीएकडून लेखी घ्या. आणि ठेकेदाराचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की टीडीएस (बिलातूनच कापून भरायचा आयकर) कापावा लागतो, व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. त्यासाठी आयकर खात्याचा टॅन नंबर आधीच काढून ठेवा.

६. माळी, ठेकेदार आणि करार

लहान सोसायटीने आपला माळी ठेवावा. मोठ्या टाउनशिपला ठेकेदार परवडतो, कारण रजा, बदली माणूस आणि मशीन त्याच्याकडे असतात. पण माणसं मोजून पैसे देऊ नका. "सहा माळी" असं करारात लिहिलं की गेटवर सहा सह्या होतात आणि बागेत चौघं दिसतात. दर क्षेत्रफळावर ठरवा: हिरवळ प्रति चौरस मीटर, कुंपण प्रति मीटर, झाडं नगावर. पाहणीत मोजलेले आकडे इथे कामी येतात. सोबत किमान हजेरीही लिहा.

करारात हे असू द्या:

- हिरवळ कापण्याचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे. पावसाळ्यात आठवड्याला, हिवाळ्यात तीन आठवड्यांनी पुरतं. बारमाही एकच दर लावणाऱ्याला हिवाळ्यात तुम्ही फुकट पैसे देता.
- मेलेलं रोप १५ दिवसांत त्याच आकाराचं बदलून देणं.
- किमान वेतन, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल तर त्यांची चलनं बिलासोबत. ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी तुमच्या दारात येऊ शकते.
- लाल त्रिकोणाचं लेबल असलेलं कोणतंही कीडनाशक वापरायचं नाही. तो सर्वांत विषारी गट असतो. फवारणीची सूचना एक दिवस आधी, आणि फवारलेल्या जागेला दोरी.
- बिलातले १० टक्के राखून ठेवायचे आणि ते जूनच्या पाहणीनंतर द्यायचे. उन्हाळा काढलेल्या ठेकेदारालाच पूर्ण पैसे.

ठेकेदार बदलायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये बदला. त्याला सहा महिने बाग ओळखायला मिळतात. एप्रिलमध्ये बदललेला ठेकेदार पहिल्याच महिन्यात आधीच्याच्या नावाने खडे फोडतो, आणि झाडं मात्र मरतात.

अवजारांची यादी करारालाच जोडा: खुरपी, कुदळ, फावडं, घमेली, दाताळं, सिकेटर, कुंपणाची कात्री, फांद्यांची करवत, शिडी, ग्रासकटर, फवारणी पंप, हातमोजे, मास्क, बूट.

आणि माळीकाकांसाठी सावलीची खोली, पिण्याचं पाणी आणि संडास द्या. कोट्यवधींच्या टाउनशिपमध्ये दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला डबा खायला जिन्याखाली बसावं लागतं, हे मला सहन होत नाही. ही सोय नसेल तर उद्यान निधीतून पहिला खर्च हाच करा. मनापासून काम करणारी माणसं टिकतात ती अशा ठिकाणी.

७. झाडांना हात लावण्याआधी

पालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही तोडण्यातच मोडतं, त्यामुळे "बुंध्यात थोडं अॅसिड टाकू" असं कोणी सुचवलं तर त्याला हे कलम सांगा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात, त्यांचे नियम आणखी कडक आहेत. मोठ्या छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. फोटो, झाडाचा क्रमांक आणि कारण जोडा. अर्ज मार्चमध्ये टाका. मे अखेरीस सगळं शहर त्याच रांगेत असतं.

छाटणी करणारा माणूस जाणता हवा. एकाच बाजूच्या फांद्या उडवलेलं झाड पहिल्या वादळात तोल जाऊन पडतं. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर यांच्या फांद्या ठिसूळ असतात, पार्किंगजवळच्या अशा झाडांची दरवर्षी तपासणी हवी. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवून बसवलेले असतात, ते काढून घ्या. खिळे, दिव्यांच्या माळा, बॅनरच्या तारा हेही.

पालापाचोळा जाळायचा नाही. नियमाने बंदी आहे, आणि तो तुमचं फुकटचं खत आहे. जाळीचे दोन पिंजरे करा. एक भरत असताना दुसरा कुजतो.

८. पोडियमवरची बाग

ओली माती घनमीटरला साधारण दोन टनांपर्यंत भरते. एक फूट मातीच्या थराचं वजन चौरस मीटरला ५०० ते ६०० किलो होतं. दरवर्षी हौसेने थोडी थोडी माती वाढवत नेली की स्लॅबवर किती भार चढला ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. स्लॅब किती भार पेलतो तो आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेऊन माळीखोलीत लावा. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं पक्ष्यांमुळे आपोआप उगवतात, ती बोटभर असतानाच काढा. मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये शिरली की खालच्या पार्किंगमध्ये गळती सुरू होते आणि सगळी बाग उकरावी लागते. निचऱ्याच्या जाळ्या मेमध्ये आणि पावसाळ्यात दर आठवड्याला साफ.

९. हिरवळ कमी करा, सावली वाढवा

बिल्डरची बाग फोटोसाठी केलेली असते: बॉटलपामच्या रांगा, विस्तीर्ण हिरवळ, कोपऱ्यात एखादं कारंजं. पाम सावली देत नाही, हिरवळ पाणी पिते. मुलं जिथे खरोखर खेळतात तेवढीच हिरवळ ठेवा. उताराच्या आणि कडेच्या पट्ट्यांत हळूहळू झुडपं आणि झाडं आणा. बहावा, ताम्हण, कांचन, करंज, कडुनिंब आपल्या हवेत रुजतात. झुडपांत अडुळसा, निर्गुडी, कुंती चालते. सप्तपर्णी खिडक्यांजवळ नको, फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाने अनेकांना त्रास होतो. एका वर्षात सगळं बदलायला जाऊ नका, एक पट्टा करा, दोन उन्हाळे बघा, मग पुढचा.

लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर. खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून भरा. नव्या झाडाला पहिले दोन उन्हाळे आठवड्याला २० ते ३० लिटर पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन. पावसाळ्यात हिरवळीवर पिवळे गोल दिसू लागले आणि गवत गालिच्यासारखं उचलून आलं तर खाली हुमणीच्या अळ्या शोधा. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी फांद्या छाटा, साबणाच्या पाण्याने धुवा, तरीही राहिला तर निंबोळी अर्क.

"माझ्या नातवाच्या वाढदिवसाला झाड लावायचं आहे" असं सांगत लोक येतात, त्यांना नाही म्हणू नका. जागा समिती ठरवेल, जात समिती देईल, आणि दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च ते उद्यान निधीत भरतील, असा साधा नियम करा. आमच्या मागच्या रस्त्याचे बहावे असेच उभे राहिले आहेत.

१०. दर महिन्याची फेरी

महिन्याच्या पहिल्या रविवारी समितीतले दोघं, ठेकेदाराचा सुपरवायझर आणि माळी यांनी मिळून बागेची फेरी मारायची. झाडांची वही, पाण्याच्या मीटरचं वाचन, मागच्या महिन्यात सांगितलेली कामं हे सोबत. फेरीचा एक पानी अहवाल, चार फोटो आणि त्या महिन्याचा खर्च प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावा. मीटरचं वाचन त्यात असलंच पाहिजे. मागच्या महिन्यापेक्षा पाणी अचानक दीडपट गेलं तर कुठेतरी नळी फुटली आहे किंवा कोणीतरी त्या पाण्याने गाड्या धुतो आहे. त्याच आठवड्यात शोधा. ठेकेदाराचं बिल या अहवालावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय मंजूर करू नका.

मार्चच्या फेरीत तीन कामं जादा: छाटणीचा अर्ज टाकला का, एसटीपीचे दोन्ही पंप आणि ब्लोअर चालू आहेत का, आणि ठिबकच्या प्रत्येक ओळीच्या शेवटच्या छिद्रातून पाणी येतं का.